शाहूपुरीच्या तळघरातला क्लब नक्की कशानं बंद पडला

शाहूपुरीतल्या एका तळघरात आमचा गाण्याचा आणि कॉमेडीचा क्लब चालायचा. तो कशानं बंद पडला असं कुणी विचारलं तर सोप्पं उत्तर तयार असतंय, पुरात गेला. ऑगस्ट २०१९ म्हटलं की समोरचा मान हलवतो, विषय संपतो, कारण कोल्हापुरात त्या पुरावर उलटा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही दोन-तीन वर्षं हेच सांगत होतो. पण त्या क्लबची हिशोबाची वही माझ्याकडं आहे, आणि वहीत शेवटच्या पाच शोंची तिकिटं अशी आहेत: ६६, ५१, ४४, ३८, २९. खुर्च्या ७२. पाणी आलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, शेवटचा शो २७ जुलैचा. म्हणजे पाण्यानं जे नेलं ते आधीच निम्मं वाहून गेलेलं होतं.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या बाजूनं बघतोय ते कळेल. मी साऊंडवाला. लग्न, वाढदिवस, व्याख्यानमाला, गणपतीत मंडळं, सगळं करतो. या क्लबात मी भागीदार वगैरे नव्हतो, साऊंड माझा आणि दारावरची तिकिटं माझी, म्हणून वही माझ्याकडं. डोकं मित्राचं होतं, तो पुण्यात सात वर्षं आयटीत काढून परत आलेला, तिकडं कॉमेडीचे शो बघून बघून त्याला वाटलं की हे आपल्याकडंही चालेल. जागा आण्णांची. आण्णांचं शाहूपुरीत हॉटेल, रस्त्याच्या लेव्हलला जेवण आणि परमिट रूम, खाली तळघरात एक हॉल जो त्यांनी फॅमिली सेक्शन म्हणून काढला होता पण कुठलं कुटुंब जिना उतरून खाली जेवायला येणार, त्यामुळं तिथं जादा खुर्च्या आणि गॅसच्या टाक्या पडून असायच्या.

मित्राचं म्हणणं होतं याला नाईटक्लब म्हणायचं. मी म्हटलं भावा, आपल्याकडं क्लब दोनच, एक देवल क्लब, जिथं माणसं मांडी घालून शास्त्रीय ऐकतात आणि मधी कुणी खोकला तर मागं वळून बघतात, आणि दुसरा पत्त्यांचा. तू घरी सांग मी क्लब काढालोय, बघ वडील काय म्हणतात ते. वडील खरंच म्हणाले, रमीत किती घालवलास? पण शेवटी क्लब हेच नाव तोंडात बसलं, बोर्डावर काहीच लिहिलं नाही.

त्याच्या लॅपटॉपवर एक फोटो होता, विटांच्या भिंतीसमोर उभा असलेला एक माणूस, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. तो मॉर्ट साल नावाचा अमेरिकन कॉमेडियन, आणि ती भिंत सॅन फ्रान्सिस्कोतल्या हंग्री आय नावाच्या क्लबची. ही गोष्ट त्यानं मला इतक्या वेळा सांगितली की आता मीच सांगू शकतो. १९५० च्या आसपास एरिक नॉर्ड नावाच्या माणसानं नॉर्थ बीच भागात एका इमारतीच्या तळघरात ही जागा काढली, थोड्याच दिवसांत एन्रिको बांडुची यानं ती विकत घेतली. मॉर्ट तिथं १९५३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उभा राहिला, स्वेटर घालून, पेपरातल्या बातम्यांवर बोलायला, त्या काळी कॉमेडियन म्हणजे सूट-टाय आणि सासूवरचे जोक. त्याच स्टेजवर लोकगीतंवालेही असायचे, किंग्स्टन ट्रायोची एक लाइव्ह रेकॉर्ड १९५८ साली तिथंच झाली. जवळच पर्पल ओनियन म्हणून दुसरं तळघर, तिथं १९५५ ला फिलिस डिलर ही कॉमेडियन सुरू झाली. म्हणजे एकाच वस्तीत दोन तळघरं, दोन्हीकडं गाणं आणि हसणं एका तिकिटात. पुढं हंग्री आय मोठ्या जागेत गेला, साठीचं दशक संपता संपता बंद पडला आणि ते नाव नंतर कपडे उतरवायच्या नाचाच्या बारवर लागलं. हा शेवटचा भाग मित्र सांगायचा नाही, मी नंतर वाचला.

भिंत मात्र जगभर पसरली. स्टँडअप म्हटलं की मागं विटा, हे तिथलंच. आमच्या हॉलच्या भिंतींना गुळगुळीत गिलावा आणि त्यावर फिकट पिवळा ऑईलपेंट. मित्रानं काय केलं, विटांचं डिझाईन असलेला वॉलपेपर मागवला, ४,२०० रुपयांचा. मी म्हटलं, आरं आपल्या नदीकाठाला वीटभट्ट्यांची रांग हाय आणि तू विटांचा कागद विकत घ्यालाइस? पण गिलावा काढायला आण्णा तयार नव्हते.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो कारण त्यात मजा कमी आणि झेरॉक्स जास्त. तिकीट लावून कार्यक्रम म्हणजे पोलिसांचा परफॉर्मन्स परवाना, संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दुसऱ्याची गाणी म्हणायची तर आयपीआरएस, मध्यंतरात रेकॉर्ड वाजवायची तर पीपीएल. जोक टाईप करून परिनिरीक्षणाला पाठवणं हा एक वेगळाच अनुभव आहे, कागदावर वाचला की कुठलाही जोक पंचनाम्यासारखा दिसतो. एक गोष्ट मात्र आमच्या बाजूनं झाली. गाण्याच्या, नाटकाच्या तिकिटाला जीएसटीत सूट होती ती आधी २५० रुपयांपर्यंतच होती, २५ जानेवारी २०१८ पासून ती ५०० पर्यंत गेली. आमचा पहिला शो २७ जानेवारीला, चौथा शनिवार, बँकवाल्यांना सुट्टी म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार धरलेला. तिकीट १५० असल्यानं आम्हाला आधीही फरक पडला नसता, पण मित्रानं ते शुभशकुन म्हणून धरलं.

खरी अडचण होती ती परमिट रूमच्या खाली गाणं, या शब्दांची. २००५ ची डान्सबार बंदी, मग २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ती उचलली, मग २०१६ चा नवा कायदा, या सगळ्यात ऑर्केस्ट्रा हा शब्द महाराष्ट्रात असा काही बदनाम झालाय की गाणाऱ्या पोरीच्या घरी जाऊन आम्हाला तासभर समजवावं लागलं. पोरगी संगीतात एमए करत होती, आवाज असा की मॉनिटर, म्हणजे स्टेजवर गाणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, बंद केला तरी चालायचं. तिची आई म्हणाली मी येऊन बसणार. पहिले सहा शो ती माऊली पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली. सातव्या शोला आली नाही तेव्हा आम्हाला परवाना खरा मिळाला असं वाटलं.

आता वेळेचं. सगळं गाडं इथं अडलंय आणि हे मला पाच वर्षांनी वही चाळताना कळलं. लाऊडस्पीकर रात्री १० नंतर बंद, हा नियम २००० सालचा. त्यात बंदिस्त हॉलला सूट आहे, पण आमच्या तळघराला गल्लीत उघडणारे झरोके होते आणि झरोक्यासमोर एक निवृत्त गृहस्थ, त्यामुळं आम्ही ९:५० ला माईक बंद करायचो. म्हणजे शो ७:४५ ला सुरू व्हायला पाहिजे, आणि कोल्हापुरात ७:४५ म्हणजे ८:१० धरा. आता बघा, शनिवारी इथं माणूस जेवायला कधी बाहेर पडतो? साडेआठ ते साडेदहा. म्हणजे आमचा शो बरोब्बर आण्णांच्या गल्ल्याच्या वेळेवर येऊन बसला. परदेशातल्या क्लबांत जेवणं उरकल्यावर शो सुरू होतो, आमच्याकडं ताटाबरोबरच सुरू व्हायचा.

पहिले चार महिने टेबलं होती, चार-चार खुर्च्यांची, म्हणजे निम्म्या माणसांची पाठ स्टेजकडं. शोभर ऑर्डर चालू. गाणं सुरू असलं की काही अडायचं नाही. हार्मोनियम, ढोलकी, आवाज, सगळं सलग वाहतंय, त्याखाली वाटी आपटली तर आपटली. पण बोलणारा उभा राहिला की कल्याण. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, म्हणजे त, च, स, ट हे सगळं साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतंय आणि स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला की तोही त्याच पट्ट्यात वाजतो. स्वर ऐकू येतो, शब्द गळतो. जोकमध्ये तर शेवटचा एक शब्दच माल असतो. तो गेला की मागचं दीड मिनिटाचं बोलणं फुकट. आवाज वाढवला की माणसं जास्त मोठ्यानं बोलायची, मग मी आणखी वाढवायचो, मग माईकची शिट्टी. साडेआठ फुटाचं छत, त्यात किचनचा एक्झॉस्ट डक्ट डोक्यावरनं गेलेला, त्याची घरघर वेगळी.

वहीत मी त्या काळात प्रत्येक सेटच्या, म्हणजे एकेका कॉमेडियनच्या पाळीच्या, पुढं एक खूण करायचो, हशा पहिल्या रांगेत थांबला की शेवटपर्यंत गेला. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक सगळे सेट पहिल्या तीन टेबलांवर मेलेत. पुण्याहून एक पोरगा आलेला, तिकडं चांगलं नाव, इथं त्याच्या सर्वात भारी जोकवर वेटरनं विचारलं, पांढरा कुणाचा? आणि त्यावर हॉल जो हसला तो त्या संध्याकाळचा सर्वात मोठा हशा. पोरगा बिचारा स्वतः पण हसला, पण पुन्हा आला नाही.

आम्ही काय काय केलं: स्टीलच्या ताटांच्या जागी मेलामाईनच्या प्लेटा आणल्या, बराच फरक पडला, पण तांबडा-पांढरा मेलामाईनच्या वाटीत प्यायला कोल्हापूरकर तयार नाही, रस्सा थंड होतो म्हणे, त्यामुळं वाट्या स्टीलच्याच राहिल्या. एक्झॉस्ट शोच्या वेळी बंद करून बघितला तर मिरचीच्या फोडणीचा खकाणा खाली आला आणि गाणारीचा घसा बसला, तो प्रयोग तिथंच संपला.

मग जून २०१८ मध्ये मित्रानं आण्णांना पटवलं की टेबलं काढूया, रांगा लावूया, आणि शो चालू असताना सर्व्हिस बंद. आधी अर्धा तास खावा, मध्यंतरात पंधरा मिनिटं, नंतर वर जाऊन जेवा. आण्णा म्हणाले बघू चार-सहा महिने. ७२ खुर्च्या चिकटून चिकटून बसल्या. आणि काय सांगू, तोच हॉल, तोच माईक, आवाज मी निम्म्यावर आणला. माणसं खांद्याला खांदा लागून बसली की शेजारचा हसला की आपलंही सुटतं, आणि छत खाली असलं की तो हशा वर हरवत नाही, परत डोक्यावर येतो. मोठ्या थेटरात ७२ माणसं हसली तर वाटतं कुणीतरी खोकलं. इथं ७२ हसली की झरोक्यासमोरचे काका खिडकीत यायचे.

तरी एकट्या माणसाचा कार्यक्रम अजून लंगडतच होता, आणि याचा उपाय आमच्या ढोलकीवाल्या मामांनी काढला. मामा साठीच्या पुढचे, तरुणपणी तमाशाच्या फडाबरोबर फिरलेले. ते एक दिवस साऊंडचेकला म्हणाले, "एकटा माणूस उभा राहून बोलालाय म्हणजे एकतर पुढारी, न्हाईतर कीर्तनकार. आणि कीर्तनकाराच्या मागंबी झांजवाला असतोय. ह्या पोराला जाब विचारायला कोण हाय?" मग त्यांनी मित्राला तमाशाचा क्रम समजावला. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गाणं आधी का? तर माणसं यायला, बसायला, पोरं गप करायला वेळ मिळतो, उशिरा आलेल्याचं काही बुडत नाही. सगळी बसली की बतावणी, आणि बतावणी कधी एकट्याची नसते, एक फेकतो, दुसरा अडवतो, तिसरा भलताच अर्थ काढतो. हे ऐकून मित्र दोन मिनिटं गप्पच. सात वर्षं पुण्यात राहून, सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास पाठ करून, गाणं-कॉमेडी एका तिकिटात कसं बसवायचं याचं उत्तर हा माणूस पिशवीत ढोलकी घेऊन फिरत होता.

जुलैपासून क्रम बदलला. गाणं आधी, तीन गाणी, उशिरा येणारे सगळे त्यात खपले. मग कॉमेडियन माईकवर आणि मामा बाजूला ढोलकी घेऊन बसलेले, हातात माईक नाही, नुसते मधी मधी विचारणार, "का?", "कुठं?", "कुणाच्या बापाचं?" आणि जोक पडला की ढोलकीवर एक थाप, नाही पडला की दोन थापा. नाही पडलेल्यालाच जास्त हशा मिळायला लागला. कॉमेडियन पोरांना आधी हे अपमानाचं वाटलं, नंतर तेच मामांना म्हणायचे दोन थापा जरा लवकर मारा.

दुसरा फायदा असा की प्रेक्षकांचं तोंड. कोल्हापूरकर गप्प बसून ऐकत नाही, शेरा मारणारच, आणि बऱ्याचदा शेरा स्टेजवरच्यापेक्षा भारी असतो. बाहेरचे कॉमेडियन याला त्रास समजायचे. मामा त्याला पात्र समजायचे, मागनं कुणी ओरडला की मामा त्याच्याकडंच वळून विचारायचे, "नाव काय तुझं? पेठ कुठली?" आणि पेठ सांगितली की संपलं, पुढची पाच मिनिटं फुकट. डिसेंबरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला तेव्हा तर एका पेठेच्या टीमवर जोक केला की डावी बाजू उभी राहायची आणि दुसऱ्या पेठेवर केला की उजवी. शहरातल्या टोलविरुद्धच्या आंदोलनाचा विषय २०१५ च्या डिसेंबरात संपला होता तरी २०१८ मध्येही टोलनाक्याचं नाव काढलं की टाळ्या. याचं मला आजही कोडं आहे, जिंकलेल्या भांडणावर माणसं इतकी वर्षं कशी हसतात.

जुलै २०१८ ते मे २०१९, गणपतीत दोन शो नाहीत, नवरात्र आणि दिवाळीचा एकेक नाही, लोकसभेमुळं एप्रिलचे दोन्ही नाहीत (२३ एप्रिलला आपल्याकडं मतदान होतं आणि आचारसंहितेत पेपर हातात घेऊन बोलणारा माणूस कुणालाच नको होता). बाकी सगळे ६० च्या वर, अकरा शो तर फुल्ल. पहिल्या शोपासून शेवटच्यापर्यंत एकूण ३१ रात्री झाल्या.

आता पैशाचं, कारण प्रकरण शेवटी इथंच येतंय. तिकिटाचे पैसे सगळे आमचे, खाण्यापिण्याचे सगळे आण्णांचे, असा तोंडी करार. आमचा खर्च एका शोला साधारण असा: कलाकार ५,५००, परवाने आणि गाण्यांचे हक्क मिळून सरासरी १,५००, पोस्टर आणि ऑनलाइन तिकिटांचं कमिशन ७००, माझा साऊंड १,०००. एकूण ८,७००. १५० नं भागलं की ५८ तिकिटं. म्हणजे ५८ च्या वर गेलो की आम्ही पार, फुल्ल झाला की २,१०० रुपये उरायचे आणि त्याची आम्ही मिसळ खायचो.

आण्णांचा हिशोब मी तेव्हा कधी मांडलाच नाही. त्यांनीच नंतर बिलं दाखवली. सर्व्हिस चालू असताना खाली माणशी साधारण २४० रुपयांचं बिल व्हायचं. सर्व्हिस बंद केल्यावर ते ११० वर आलं, कारण शो संपला की माणसं वर जेवायला थांबायची नाहीत, पावणेदहा वाजलेले, घरी बायको-पोरं, निम्मी थेट गाडीला किक. ६० माणसं धरली तर १४,४०० ची विक्री ६,६०० वर. एका रात्रीत ७,८०० चा फरक, महिन्याला १५,६००, आणि खाली चार वेटर शो होईपर्यंत भिंतीला टेकून उभे, त्यांचा पगार चालूच. हे त्या माणसानं अकरा महिने सोसलं, एक शब्द न बोलता. आम्हाला वाटायचं आण्णा खूश आहेत, कारण हॉल भरलेला दिसायचा. आमच्यासाठी भरलेला हॉल म्हणजे यश, त्यांच्यासाठी ती ७२ माणसांनी अडवलेली जागा.

मे महिन्यात आण्णा म्हणाले, सर्व्हिस परत चालू करूया. भांडण झालं नाही. मित्र म्हणाला ठीक आहे, पण बतावणीच्या वेळी नको. आण्णा म्हणाले बरं. पण वेटरला बतावणी कधी सुरू होते ते कसं कळणार, आणि गाण्यात दिलेली ऑर्डर बतावणीतच तयार होऊन येणार ना? २५ मे पासून वाट्या परत वाजायला लागल्या. त्यात बिलं. अमेरिकेतल्या क्लबांतही हे दुखणं आहे म्हणे, टेबलावर बिलं वाटायच्या वेळी जो कॉमेडियन स्टेजवर असतो त्याची जागा सगळ्यात वाईट समजतात, कारण समोरचा माणूस बेरीज तपासत असतो. आमच्याकडं बिल यायचं साडेनऊला, मामा आणि पोरगा रंगात आलेले असताना. मी मागनं बघायचो, मोबाईलचे टॉर्च एकामागून एक लागायचे, माणसं बिल वाचालीत, एक थाप पडली काय आणि दोन पडल्या काय, कुणाचं लक्ष नाही.

जूनच्या दुसऱ्या शोनंतर मामांनी ढोलकी पिशवीत घालताना मला विचारलं, "ही माणसं जेवाला आल्यात का हसाला?" जुलैचे दोन्ही शो ते आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

पावसाचा भाग होताच, जुलैत कुठलाही कार्यक्रम पडतोच, हे मी माझ्या धंद्यावरनं सांगतो. पण त्याआधीच्या वर्षीच्या जुलैत पाऊस होताच की, आणि तेव्हा आकडे ६२ आणि ६८ आहेत.

हे टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि गणित फार अवघड नव्हतं. तिकीट २५० करायचं, त्यातले १०० आण्णांचे, बदल्यात शोच्या आधी प्रत्येकाला एक ठरलेली प्लेट. ६५ माणसं धरली तर ६,५०० आधीच खात्यात, वर माणशी ११० चं इतर काही होतंच, म्हणजे १३,६०० च्या घरात, आधीच्या विक्रीच्या जवळपास, आणि वेटर ८:१० ला मोकळे. बाहेरच्या क्लबांत दोन ड्रिंक घ्यायलाच लागतील अशी अट असते ती यासाठीच. आम्ही हे केलं नाही कारण आम्हाला वाटलं २५० ला कोल्हापुरात कोण येणार. हे आम्ही कुणाला विचारलं नाही, नुसतं वाटलं. त्याच माणसांनी त्याच वर्षी वरच्या हॉटेलात २५० पेक्षा जास्तीची थाळी खाल्ली आहे, ती बिलंही आण्णांकडं आहेत.

मग ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याचा फुगवटा शाहूपुरीत घुसला. हायवे बंद, शहराला पेट्रोल नाही, दूध नाही. माझं गोडाऊन उंचावर होतं म्हणून वाचलं, पण दोन मॉनिटर आणि एक जुना मिक्सर खालीच ठेवलेला, कोण सारखा ने-आण करणार म्हणून. तळघर छतापर्यंत भरलं. पाणी उतरून पंप लावून हॉल मोकळा व्हायला आठवड्याच्या वर गेला. आम्ही उतरलो तर खुर्च्या छताला जाऊन परत खाली आलेल्या, कशाही, आणि वास असा की गमबूट घालून सुद्धा पाच मिनिटं थांबवेना. मित्राचा वॉलपेपर गाळात गुंडाळी होऊन पडलेला. आणि त्याच्या मागचा गिलावा फुगून पोपडे सुटून खाली आलेला, स्टेजच्या मागं उघड्या विटा. खऱ्या, तांबड्या. चार हजार दोनशेला आणलेला कागद ज्याची नक्कल होता ते सगळं मागंच होतं. मित्रानं फोटो काढला नाही, मी म्हटलं काढ की, तो म्हणाला नको.

नंतर सुरू करायचं बोलणं झालं, दिवाळीनंतर, मग जानेवारीत, मग मार्च २०२० आला आणि सगळ्या जगाच्याच खुर्च्या उलट्या झाल्या. जुलै २०२१ मध्ये तळघरात पुन्हा पाणी. मित्र परत पुण्याला. गाणारी आता क्लास घेते. मामांचा गुडघा खरंच दुखत होता हे मला नंतर कळलं, ऑपरेशन झालं. आण्णांनी तळघर एका फरशीवाल्याला गोडाऊन म्हणून दिलं, पाण्यानं फरशीचं काही बिघडत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं, शेजारी खासबाग मैदान, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्ही सगळेच तिथं जाऊन उभे होतो, बोलायला कुणाकडं काही नव्हतं. त्यानंतरच्या महिन्यांत मला फोन यायला लागले, हौशी नाटकवाले, एकपात्रीवाले, कुठं छोटा हॉल आहे का, साऊंडसकट. दोघा-तिघांनी विचारलं, ते तुमचं तळघर अजून आहे का?

म्हणून मागच्या महिन्यात आण्णांकडं गेलो. फरशीवाल्यानं जागा सोडलीय. खाली उतरलो, विटा तशाच आहेत, आण्णांनी परत गिलावा केलाच नव्हता, खर्च कशाला. टाळी वाजवून बघितली, छत अजून तसंच बोलतंय. आण्णा म्हणाले चालू करायचं तर करा, माझी ना नाही. मी म्हटलं आण्णा, तिकीट अडीचशे, प्लेट आधी, आणि माईक चालू असताना जिन्यावरनं एकपण वेटर खाली उतरणार नाही, हे कागदावर लिहून घेऊया.

आण्णा विटांवरनं हात फिरवत होते. म्हणाले, "आरं घिऊ की लिहून, एवढी काय घाई हाय. आधी जेवून घे."